बारा इंची संशय

सोमवार

दुरुस्तीवाल्याकडून गिटारचा ॲम्प घरी आणला. जुना स्पीकर मेला तो मेलाच. आतली तारेची गुंडाळी जळून गेली, असं तो म्हणतो. त्याच्या जागी त्याने दुसरा बसवून दिलाय. तोही बारा इंची, तोही कागदी पडद्याचा. महिनाअखेरपर्यंत वाजवून बघा, नाही पटला तर बदलून देतो, म्हणाला. इतका चांगुलपणा कुठला दुकानदार विनाकारण करतो? कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तिथेच कळलं.

आजवर ॲम्प जमिनीवर असायचा. आज स्टुलावर चढवला, त्याचं तोंड माझ्या कानाकडे केलं आणि समोर खुर्ची टाकून बसलो. एकेक सूर तपासून घ्यायचा होता. पहिलाच तुकडा वाजवला आणि दात आंबले. जुना आवाज कसा गोल, मऊ, थोडा झोपाळू होता. जुन्या तबकड्यांवर गिटार ऐकू येते तसा. जॅझ वाजवायचा तर तोच आवाज हवा. हा नवा म्हणजे पत्र्यावर चमचा घासावा तसा बोलतो. मी त्याचं नावच चमचा ठेवलं.

आतल्या खोलीतून सासरे म्हणाले, "बरा लागतोय की."

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते आमच्याकडे असतात. जन्मभर वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी तराजू तपासत हिंडले. माझ्याविषयी त्यांनी आजवर एकच मत दिलंय, तेही आमच्या लग्नाच्या वेळी: तारा छेडून चूल पेटत नाही. असा माणूस "बरा लागतोय" म्हणतो, तेव्हा स्पीकर नक्कीच टाकाऊ असणार.

बुधवार

काल हॉटेलच्या जेवणघरात वाजवलं. आम्ही चौघं तिथे रोज संध्याकाळी असतो. खालचे सूर धरणारा बासवाला आमचा म्होरक्या. उंच, ताठ आणि सगळा डोलारा त्याच्यावर, म्हणून त्याला सगळे खांब म्हणतात. तिथेही मी ॲम्प स्टुलावर ठेवला, तोंड माझ्याकडे. खांब माझ्या पाठीमागेच उभा असतो.

वाजवून झाल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "दोन दिवस तुझी गिटार माझ्या कानात सुई घालतेय. माझ्याच नाही, मालकांच्याही. पुढच्या हंगामाचं ठरवायला ते पुढच्या शनिवारी स्वतः ऐकायला बसणार आहेत. तोवर आवाज सुधार, नाहीतर माझ्या भाच्याला बसवा म्हणतायत."

मालक म्हणतायत की हा म्हणवतोय? भाचा वाजवतो चांगला. त्याची तीच गोष्ट मला पहिल्यापासून आवडत नाही.

ही जागा गेली तर मी काय आहे? या वयात माझ्यासाठी दुसरीकडे कोणी खुर्ची पुसून ठेवलेली नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण घरात बोललो तर आतल्या खोलीपर्यंत जाईल.

शुक्रवार

चमचा परत केला. दुरुस्तीवाल्याने न कुरकुरता दुसरा काढून दिला. हा जुन्या पद्धतीच्या चुंबकाचा आहे, उबदार आवाजासाठी लोक हाच नेतात, असं सांगितलं. मग दोन उपदेश केले. नवा स्पीकर सुरुवातीला ताठ असतो, रोज कोणीतरी वाजवला की हळूहळू मोकळा होतो, हा एक. म्हणजे तोवर महिनाअखेर उलटली पाहिजे! दुसरा उपदेश तर ऐकण्यासारखा होता. "समोर बसून ऐकू नका साहेब. बाजूला व्हा, जरा खोलीत फिरा."

समोरून ऐकू नका, म्हणजे समोर काहीतरी लपवायचंय. खवय्याला ताटाकडे पाठ करून जेवायला सांगण्यासारखं आहे हे.

माझा मेलेला स्पीकर दाखव म्हटलं. त्याने फळीवरून एक धुळकट धूड काढून पुढ्यात ठेवलं. माझ्या स्पीकरच्या कागदावर चहाचा डाग होता, मला पक्कं आठवतं. याच्यावर नव्हता. तो म्हणाला, कागद काळा पडला की डाग दिसत नाहीत. त्याच्या तोंडावरची रेषा हलली नाही. जुन्या स्पीकरना हल्ली फार मागणी आहे असं ऐकतो. मी समजायचं ते समजलो.

घरी येऊन नवा वाजवला. त्याचं नाव सुरी.

मी एकच चाल पुनःपुन्हा वाजवून बघतो, संथ, तीन ओळींची. तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक उंच सूर लांबवायचा असतो. तिथे पोचलो की सुरी अशी काही कापते की हात आपोआप थांबतो. मी थांबतो, स्पीकरला एक शिवी घालतो आणि मग पुढे जातो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, छान तर येतंय. बापाचीच लेक.

रविवार

सकाळच्या तालमीला मी ॲम्प नेत नाही. परत आलो तर त्याच्यावरचं कापड उलटं. शिवण बाहेरच्या बाजूला. मी असं कधी घालत नाही. वरून हात फिरवला तर लाकूड कोमट लागलं. आमचा ॲम्प जुन्या व्हॉल्व्हचा. चांगला वेळ चालू असल्याशिवाय तो तापत नाही.

बायकोला विचारलं, घरी कोणी आलं होतं का?

"कोणी आलं नाही."

मग हा तापला कसा? तर म्हणाली, ऊन येत असेल. त्या कोपऱ्यात इमारत बांधल्यापासून ऊन आलेलं नाही. इतकी वर्षं संसार केला. ती खोटं बोलताना पदराचं टोक चाचपते हे मला ठाऊक आहे. आज "कोणी आलं नाही" म्हणताना हात स्थिर होता आणि उन्हाचं म्हणताना टोकाशी गेला. याचा अर्थ लागत नाही.

सासरे चहा पीत होते. हल्ली पेला फक्त उजव्या हाताने धरतात. डाव्याची बोटं फुंकत बसतात. वय झालं की कातडी पातळ होते. नखंसुद्धा डाव्या हाताचीच कापलेली दिसली, उजव्याची तशीच. अर्ध्यात कंटाळले असतील. एके काळी राईएवढ्या वजनाचा फरक पकडणारा माणूस! म्हातारपण वाईट.

मंगळवार

सापळा लावला. निघण्यापूर्वी आवाजाच्या बटणापाशी पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि बटण त्या रेघेपासून केसभर अलीकडे ठेवलं. परतलो तर बटण बरोबर रेघेवर. केसभरही इकडेतिकडे नाही. मी इतका नेमका माणूस नाही. कोणीतरी बटण हलवलं आणि परत ठेवताना रेघ बघून ठेवलं. घरात चोर आहे, आणि चोर नीटनेटका आहे.

माझी वाजवायची कासवाच्या रंगाची टिकलीही नाहीशी झालीय. ड्रॉवर उपसला, सोफ्याखाली पाहिलं. सासरे पेपराआडून माझी सगळी शोधाशोध बघत होते. काय हरवलं, हेसुद्धा विचारलं नाही. आयुष्यभर लोकांचे तराजू तपासले, आता माझा तपासतायत.

बुधवार

आज तालमीहून येताना आमच्याच रस्त्यावर, चपलांच्या दुकानापाशी, खांबाचा भाचा दिसला. पाठीला गिटार. मला बघून हसला, नमस्कार केला. आमच्या रस्त्यावर त्याचं काय काम?

सगळं जुळलं. खांब मला तालमीला अडकवून ठेवतो. तेवढ्यात भाचा माझ्या घरी येऊन माझ्या ॲम्पवर हात बसवतो, म्हणजे शनिवारी आयता तयार. आणि बायको दार उघडते. का उघडते? मी जागा सोडून घरी बसावं, शिकवण्या घ्याव्या, असं तिला कधीपासून वाटतंय.

जेवताना मी हे सगळं बोललो. लिहायला लाज वाटते, पण बोललो. बायकोने घास खाली ठेवला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालंय तुमचं," ती म्हणाली. "चोवीस तास त्या खोक्याकडे कान लावून बसता. जरा माणसांकडे लावा."

मग सासरे बोलले. त्यांचा आवाज कधी चढत नाही, आजही चढला नाही. "जावईबापू, या घरात परका माणूस आलेला नाही. मी दिवसभर इथेच असतो."

"तेच तर म्हणतोय," मी म्हणालो. "तुम्ही असूनही हे चालतं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, धाकटीकडे बऱ्याच दिवसांत गेलो नाही, रविवारी जातो. काही दिवस म्हणाले, पण कपाटातून मोठी बॅग काढली. बायको उठून आत गेली. मी मात्र सगळा भात संपवला. चव लागली नाही.

गुरुवार

घरात अबोला.

रागारागात दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर सरळ म्हणालो की माझा अस्सल स्पीकर तू विकलास आणि भलताच दाखवतोस. त्याने फळीवरून तेच धूड काढलं, फडकं ओलं केलं आणि चुंबकाच्या मागची लोखंडी कड पुसली. धूळ निघाली तशी दोन अक्षरं वर आली. एक माझं, एक बायकोचं. आमचं लग्न ठरलं त्या आठवड्यात मीच खिळ्याने कोरली होती. पार विसरून गेलो होतो.

"हाच का?" त्याने विचारलं.

बरं, म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जायला वळलो तर त्याने पुन्हा तेच सांगितलं, समोर बसू नका म्हणून. हा माणूस चोर नाही हे मान्य. पण त्याला स्पीकरमधलं काही कळतं हे अजून सिद्ध व्हायचंय.

परवा शनिवार. सुरी तशीच कापतेय. तिसरा मागायला तोंड राहिलेलं नाही.

शुक्रवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

सकाळी तालमीला गेलो तर जेवणघराला कुलूप. लादी धुवायला काढली होती. तसाच परत फिरलो. आमच्या जिन्यात पाऊल टाकलं आणि थबकलो. वरून गिटार ऐकू येत होती. माझाच आवाज! माझा जुना आवाज, गोल, मऊ, झोपाळू. मी कठड्याला धरून उभा राहिलो. माझा स्पीकर मेला, त्यावरची अक्षरं मी काल डोळ्यांनी पाहिली. मग हे काय वाजतंय?

वाजवणारा कच्चा होता. बोटं जड, सूर एकेक करून, एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरल्यासारखे. भाचा नव्हे, हे पहिल्या चार सुरांतच कळलं. पण चाल माझी होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तो थांबला. माझ्या मनात शिवी आपोआप आली. शिवी पुरी होईल इतकाच तो थांबला आणि पुढे गेला. दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्यांदाही.

चपला हातात घेऊन वर गेलो. दार आवाज न करता उघडता येतं. ॲम्प स्टुलावर नव्हता, खाली जमिनीवर होता आणि त्याचं तोंड भिंतीकडे होतं. स्टुलावर सासरे बसले होते, माझ्याकडे पाठ. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर माझी जुनी गिटार, मान डाव्या हाताच्या बोटांवर वाकलेली, उजव्या हातात माझी कासवाच्या रंगाची टिकली. स्पीकर तोच, माझी सुरी. त्यात काहीही बदललेलं नव्हतं.

ते पुन्हा तिसऱ्या ओळीशी आले आणि थांबले. तो थांबा त्यांना चालीचाच भाग वाटतो. इतके दिवस आतल्या खोलीत बसून त्यांनी माझी चाल उचलली, सुरांसकट आणि शिवीच्या जागेसकट. मला हसू आलं. आत जायला हवं होतं. गेलो नाही. दार तसंच ओढून घेतलं, खाली उतरलो आणि वाजवणं संपेपर्यंत पहिल्या पायरीवर बसलो. मग पाय आपटत वर आलो, किल्लीही दोनदा कुलपात खुडबुडवली.

ॲम्प स्टुलावर, बटण रेघेवर, कापड या वेळी सुलटं. सासरे पेपर वाचत होते. पेपरही सुलटा होता, फक्त कालचा.

संध्याकाळी मी निघण्याआधी बायको कामावरून आली. तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. आता तिने पदराचं टोक चाचपलं नाही. म्हणाली, "आई गेल्यापासून दिवस त्यांना खायला उठतो. तुम्ही वाजवता तेव्हा दाराशी येऊन बसतात. मी म्हटलं, त्यांना विचारा, शिकवतील. तर म्हणाले, ज्याला मी तारा छेडून चूल पेटत नाही म्हटलं, त्याच्यापुढे आता कुठल्या तोंडाने बसू?"

"आणि भिंतीकडे तोंड का?"

"शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. लाजतात."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. चुकलं माझं, म्हणालो. ती म्हणाली, मला सांगू नका, आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

आवाजाचंही आता कळलंय, तेही लिहितो. स्पीकरचे टोचणारे सूर सरळ रेषेत समोर जातात. मऊ सूर खोलीभर पसरतात. जुना स्पीकर होता तेव्हा ॲम्प कायम जमिनीवर असायचा. टोचणं माझ्या पोटऱ्यांना लागायचं आणि ऊब तेवढी वर कानापर्यंत यायची. तो मेल्यावर नव्यावर विश्वास नाही म्हणून मी त्याला कानासमोर आणून बसवलं. माझ्या मागे खांबाचा कान, त्याच्या मागे मालकांचं टेबल. दुरुस्तीवाला सांगत होता. सासरे सांगत होते. बायको सांगत होती. ते दोघं बाजूच्या खोलीतून ऐकत होते आणि खरं तेच ऐकत होते. समोर फक्त मी बसलो होतो.

शनिवार

दुपारीच जेवणघरात गेलो आणि ॲम्प जमिनीवर ठेवला, तोंड मागच्या भिंतीकडे. खांबाने एकदा ॲम्पकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. भांडलास का त्याच्याशी, म्हणाला.

मालक पहिल्या टेबलाशी बसले. भाचाही आला होता, गिटार घेऊनच. आमच्या रस्त्यावरच्या चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची मावशी राहते, हे आज सहज बोलण्यात निघालं. आम्ही तीच संथ चाल घेतली. पहिल्या दोन ओळींतच खांबाचे खांदे सैल झालेले मला कळले, मागे न बघताही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी पोचलो आणि सवयीने हात थांबला. या वेळी शिवी आली नाही. जागा रिकामी राहिली, आणि खांबाने त्या रिकाम्या जागेत खालचा एक लांब सूर ठेवला. मग मी पुढे गेलो.

मालकांनी जेवण संपवलं. जाताना म्हणाले, हंगामभर हेच असू द्या. भाच्याने गिटार न उघडताच उचलली आणि माझ्याशी हात मिळवला. खांब म्हणाला, "ती जागा छान सोडलीस. कुठून सुचली?"

घरातून, म्हणालो.

रविवार

सकाळी बॅग दाराशी होती. सासरे बूट घालून बसले होते. गाडीला अजून अवकाश होता. बायको भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा.

रात्रभर शब्द जुळवले होते, पण तोंडातून निघाले ते वेगळेच. म्हणालो, "बाबा, तुम्ही गेलात तर माझी अडचण होईल. हा स्पीकर नवा आहे, ताठ आहे. रोज कोणीतरी वाजवला तरच मोकळा होतो, दुरुस्तीवाला म्हणतो. मी सकाळी तालमीला जातो. घरात दुसरं कोण आहे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. वजनमाप्याची नजर. खोटं वजन त्यांना हातात न घेताही कळत असणार.

"मला कुठे येतं?"

"येण्याचा प्रश्नच नाही. नुसतं वाजवायचं. चुकलं तरी स्पीकर मोकळा होतोच."

"आणि तपासणार कोण?"

"कोणी नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. सासऱ्यांनी वाकून एका बुटाची नाडी सोडली, मग दुसऱ्याची. खिशात हात घातला, चष्म्याचं घर उघडलं आणि त्यातून माझी टिकली काढून तळहातावर धरली. मी त्यांची मूठ मिटून दिली आणि माझ्याकडे दुसरी आहे असं सांगितलं. दुसरी नाही. उद्या घेईन.

मग ॲम्प स्टुलावरून उतरवून जमिनीवर ठेवला, तोंड भिंतीकडे केलं, आणि तालमीला म्हणून निघालो. आज तालीम नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. अर्धा जिना उतरतो न उतरतो तोच वर पहिला सूर लागला, जड आणि उबदार. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ते थांबले. मीही पायरीवर थांबलो. मग दोघंही पुढे गेलो.